न छेडलेल्या पाच तारा

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याची निम्मी मेहनत गिटार वाजू नये म्हणून असते. पाहणाऱ्याला हे कळत नाही, त्याचं लक्ष फ्रेटवर पळणाऱ्या बोटांकडे. पण एक तार वाजत असते तेव्हा उरलेल्या पाच नुसत्याच ताणून बसलेल्या असतात, आणि ताणलेली तार फार वेळ गप्प राहत नाही. शेजारची हलली, अंगठ्याची कड लागली, अँपमधून, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या यंत्रातून, निघालेला आवाज फिरून गिटारीच्याच अंगावर आला, एवढंही तिला पुरतं. खोक्याच्या साध्या गिटारीवर हे खपून जातं. इलेक्ट्रिकवर खपत नाही, विशेषतः अँपचा गेन चढवलेला असेल तर. गेन वाढवला की मोठा आवाज आणखी मोठा होत नाही, बारीक आवाज मात्र वर चढून त्याच्या बरोबरीला येऊन बसतो. मग तारेवरून सरकलेल्या बोटाची चरचर आणि मुद्दाम छेडलेला स्वर, दोघांचा मान सारखाच.

त्यामुळे हात दुहेरी कामाला लागतात. डावी तर्जनी जी तार दाबते तिच्या वरच्या जाड तारेला बोटाचं टोक हलकेच टेकवून ठेवते, आणि तेच बोट थोडं आडवं झालेलं असल्यामुळे खालच्या बारीक ताराही त्याच्या पोटाखाली निजलेल्या असतात. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजपाशी, म्हणजे गिटारीच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, जाड तारांवर टेकलेली असते. ती इकडे दोन मिलिमीटर सरकली तर ज्या तारेला वाजायचंय तीच बुजते, तिकडे सरकली तर सगळ्यात जाड तार, म्हणजे खर्जातला ई, घुमायला लागते. शिकवणारे स्वर कुठे आहेत ते शिकवतात. बाकीच्या तारांचं काय करायचं, हे ज्याचं त्याने बोटांनी शोधायचं. माझ्या मते हा धडा पहिल्या महिन्यातच द्यायला हवा, पण पहिल्या महिन्यात पोरांना गाणं वाजवायचं असतं आणि पालकांना ते व्हिडिओत हवं असतं.

हे सगळं ब्रिज जागेवर स्थिर असेल तर. ब्रिजला दांडा असला की प्रकरण वेगळं होतं.

दांड्याने सगळ्या तारा एकदम ढिल्या करून स्वर झुकवायचा, ही कल्पना जुनी आहे. डॉक कॉफमन नावाच्या अमेरिकन कारागिराची 'व्हायब्रोला' १९३० च्या दशकात आली. ती वापरली की तारा पुन्हा सुरात येत नाहीत ही गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसची तक्रार, आणि त्यावर उपाय म्हणून पॉल बिग्जबीने एका जाडजूड स्प्रिंगवरची आपली यंत्रणा घडवली. १९५४ मध्ये फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली आणि तिच्यातली व्यवस्था आजपर्यंत जगभर चालते. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. कदाचित म्हणूनच त्याने ही अडचण वादकासारखी न पाहता मेकॅनिकसारखी पाहिली.

स्ट्रॅट पालथी घालून मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं की सगळी भानगड उघडी पडते. लाकडात कोरलेला एक आयताकृती खड्डा. त्यात ब्रिजच्या पोटाला जोडलेला पोलादी ठोकळा, ज्याच्या आरपार सहा तारा ओवलेल्या असतात. ठोकळ्याच्या खालच्या कडेला अडकवलेल्या स्प्रिंगा, बहुतेक वेळा तीन, जागा पाचांची. स्प्रिंगांची दुसरी टोकं एका पत्र्याच्या पंज्यात, आणि तो पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात आवळलेला. पुढून सहा तारा ब्रिजला मानेकडे ओढतात. दहा नंबरच्या तारांचा साधा संच असेल तर ही ओढ सगळी मिळून पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. मागून स्प्रिंगा उलट ओढतात. या रस्सीखेचीत ब्रिज मध्येच तरंगत उभा असतो, कुणाच्याच बाजूचा नसतो.

याचे परिणाम वाजवणाऱ्याला पावलोपावली भोगावे लागतात. गिटार लावायला बसलं आणि जाड तार थोडी चढवली की उरलेल्या पाच उतरतात, कारण ओढ वाढल्याने ब्रिज पुढे झुकतो. त्या पाच चढवा, पहिली उतरते. असे फेरे घालत घालत एकदाची ती लागते. एखादी तार बोटाने ओढून स्वर चढवला तर सोबत वाजणारी दुसरी तार तेवढ्यात बेसूर होते. आणि तार तुटली तर विचारायलाच नको, स्प्रिंगा जिंकतात आणि पाचही तारा चढून बसतात.

पण सगळ्यात मोठी मौज तळव्याची आहे. तारा गप्प बसवण्यासाठी तळवा टेकायची जागा कोणती? ब्रिज. आणि हलतं काय? ब्रिज. तळव्याचा भार जरा जास्त पडला की तरंगता ब्रिज मागे दबतो आणि वाजत असलेला स्वर वर सरकतो. म्हणजे जो हात गोंगाट थांबवायला ठेवला तोच सूर बिघडवतो. स्थिर ब्रिजवर वाजवणारा माणूस पहिल्यांदा माझी गिटार हातात घेतो तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला तो खुंट्यांकडे पाहायला लागतो. दोष खुंट्यांचा नसतो. यावर उपाय म्हणजे हात टेकायचा पण भार द्यायचा नाही. भार कोपरातून उचलून धरायचा. ते जमलं की दांडा करंगळी-अनामिकेच्या बेचक्यात आपसूक येऊन बसतो आणि तळवा, पिक आणि दांडा तिघांचा एकच हात होतो. इंग्लिश गिटारवादक जेफ बेकने पुढे पिकच, म्हणजे तार छेडायची चकतीच, टाकून दिलं. अंगठ्याने तार छेडायची आणि उरलेल्या हाताने दांडा नि आवाज कमीजास्त करायचं बटण सांभाळायचं, अशा पद्धतीने त्याने गळ्यातून निघाव्यात तशा चाली वाजवल्या. त्या ऐकूनच मी दांड्याच्या नादी लागलो.

मला दांडा विमान कोसळल्यासारखे आवाज काढायला नको होता. मला तो मींडीसाठी, म्हणजे स्वर न तोडता घसरत नेण्यासाठी, हवा होता. सतारीवर काय, गिटारीवर काय, पडद्यावर दाबलेली तार ओढली की स्वर फक्त चढतो. खाली यायचं तर आधी ओढून मग सोडावं लागतं. दांड्याला ही अट नाही. तो स्वराला त्याच्या मूळ जागेच्या खाली नेऊ शकतो आणि परत आणू शकतो, तोही हवा तेवढा सावकाश. दरबारी कानड्यातला कोमल गंधार, ऋषभाकडे कलणारा, झुलत राहणारा, दांड्यावर वाजवून पाहा. बोटाला जे आंदोलन वर्षानुवर्षं जमत नाही, त्याची निदान चाहूल तरी लागते.

वेंगुर्ल्यात आमच्या वाडीत भजनाचे एक बुवा आहेत. पेटी त्यांची स्वतःची, आवाज अजून तिसऱ्या काळीवर खणखणीत. संध्याकाळी चालायला निघाले की आमच्या पडवीत टेकतात. मी सगळ्यात जाड तार षड्जात उतरवून, ती मोकळी घुमत ठेवून बारीक तारेवर हा गंधार झुलवत होतो. स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो. बुवा थोडा वेळ मान खाली घालून ऐकत बसले आणि म्हणाले, "झिला, गंधार हलूं दे रे, पण षड्ज कित्याक हलता?"

तोवर हे माझ्या कानाला टोचलं नव्हतं असं नाही, पण नेमकं काय टोचतंय ते बुवांनी एका वाक्यात धरलं. सतारीवर मींड घेताना एक तार ओढली जाते. बाजूच्या चिकारीच्या तारा आपल्या जागी, खाली आपसूक घुमणाऱ्या तरफा आपल्या जागी. म्हणूनच त्यांचं घुमणं आपल्याला गोड लागतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तर आपण जवारीचा दोरा सरकवून सरकवून ती झणझण मुद्दाम मिळवतो. आपला कान न छेडलेल्या तारांच्या बोलण्यावर वाढलेला आहे. गिटारीचा दांडा मात्र सहाही तारा एकत्र हलवतो. गंधार झुलला की षड्जही झुलतो, तोही वेगळ्याच प्रमाणात, कारण दांडा तेवढाच दाबला तरी जाड तार आणि बारीक तार सारख्या उतरत नाहीत. पायाच हलतो म्हटल्यावर वरच्या आंदोलनाला अर्थ काय राहिला?

पाश्चात्त्य वादक मोकळी तार बंद करतात ते आवाज स्वच्छ यावा म्हणून. मी बंद करतो ते षड्ज हलताना ऐकवत नाही म्हणून. हात तेच करतो, कारण वेगळं. आणि कारण वेगळं असल्यामुळे मी सरसकट सगळं बंद करत नाही. दांड्याला हात नसेल तेव्हा ती जाड तार खुशाल घुमू द्यावी. दांडा हलायच्या आधी, एका श्वासाएवढं आधी, तळवा तिच्यावर आलेला असावा. उशिरा आला तर षड्ज घसरल्याचं ऐकू येतं, लवकर आला तर पाठीमागे एकदम भगदाड पडतं. आता षड्जासाठी मी वेगळी सोय करतो: फोनवर तंबोरा लावतो आणि गिटारीच्या पाचही तारा बंद ठेवतो. बुवांना फोनचा तंबोरा आवडत नाही. "त्येका जवारी असा, जीव नाय," असं त्यांचं मत. मला त्यावर वाद घालता येत नाही.

तारा बंद केल्या तरी एक आवाज उरतो. जोरात छेडून सगळ्या तारा झटक्यात दाबा आणि कान गिटारीच्या पाठीला लावा. आत काहीतरी किणकिणत असतं. त्या तीन स्प्रिंगा. तारांचा कंप ठोकळ्यातून त्यांच्यात उतरतो आणि तारा थांबल्यावरही त्या थोडा वेळ गात राहतात. जुन्या अँपमध्ये आवाज घुमवणारा जो रिव्हर्ब असतो त्यातही स्प्रिंगाच असतात, त्यामुळे हा आवाज तसा ओळखीचा, फक्त न मागता मिळालेला. तुटक ठेका वाजवताना तो दोन ठोक्यांमधली शांतता भरून टाकतो. इलाज फुकटातला आहे: स्प्रिंगा आणि लाकूड यांच्या मध्ये फोमची पट्टी सारायची. नव्या मोबाइलच्या खोक्यात येतो तो फोम चालतो. भांड्यांचा स्पंज नको, तो पावसाळ्यात ओल धरतो आणि स्प्रिंगांना गंज देतो. मी पट्टी फक्त रेकॉर्डिंगला घालतो. एरवी त्या गाण्याने माझं काही बिघडत नाही. थोडं अंगण हवंच असतं स्वराला.

फेंडरच्याच १९५८ च्या जॅझमास्टरमध्ये वेगळंच दुखणं आहे. तिथे ब्रिजच्या मागेही तारेचा लांबलचक तुकडा मोकळा राहतो आणि तो आपला स्वतंत्र सूर लावतो. पुढे १९६२ च्या जॅग्वारमध्ये कंपनीने तारा बुजवायचा फोमचा ठोकळाच बसवून दिला, आणि वादकांनी तो काढून टाकायला सुरुवात केली. गोंगाट नको म्हणणारेही तो दुसऱ्याने बंद केलेला सहन करत नाहीत.

दांडा स्वतःही खडखडतो. भोकातले आटे झिजले की दांडा डुलायला लागतो, आणि दर झुल्याच्या टोकाला एक बारीक 'टक्' येतो. त्याला प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप, आट्यांवर दोन वेढे, आट्यांच्या दिशेनेच गुंडाळून. पंपाचं सामान मिळतं त्या दुकानात मी ती घेतो. दुकानदार दरवेळी विचारतो, खयचो नळ गळता?

मग नट, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. दांडा सोडला की तार खाचेतून मागे सरकायला हवी. अडकली तर 'टिंग' असा आवाज येतो आणि ती किंचित चढलेलीच राहते. शिसपेन्सिलीचं मऊ शिसं खाचेत घोटलं की काम होतं, कारण त्यात ग्रॅफाइट असतं. खोबरेल लावायला सांगणारे सल्लागार आपल्याकडे घरोघरी आहेत. लावू नये. काही दिवसांत त्यावर धूळ बसून चिकट लेप तयार होतो आणि तार आधीपेक्षा जास्त अडकते.

इथे समुद्राचा हिशेब सुरू होतो. जुलैत आमच्याकडे हवाच खारट असते. पखवाजाचं कातडं उतरतं, बुवांच्या पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, आणि माझ्या बारीक तारांवर काळे ठिपके येतात. ठिपका डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला कळतो, तारेवरून सरकताना मध्येच एक खरखर लागते. ती खरखर अँपमधून सरळ ऐकू येते. लेप दिलेल्या तारा महाग पडतात, पण कोकणात त्या चैन नाहीत; त्या जास्त टिकतात आणि बोटाची चरचरही कमी करतात. खरा त्रास मात्र तारांचा नाही, स्क्रूंचा आहे. ब्रिजवर प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या खोगिरांची उंची ठरवणारे ते इवले स्क्रू एका पावसाळ्यात जाम होतात. गणपतीच्या आधी प्रत्येकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दाखवणं हे मी नेमाने करतो.

कुडाळकडचा एक मुलगा ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्याच्याकडे फ्लॉइड रोझचा ब्रिज आहे. दागिने घडवायचं काम येत असलेल्या या अमेरिकन वादकाने नटच्या जागी तारा चक्क स्क्रूने आवळून टाकल्या. १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. दोन्ही टोकांना तार पक्की धरलेली असली की सरकायचा प्रश्न नाही, अडकायचा नाही, टिंग नाही. दांडा कितीही दामटा, सोडला की जागेवर. यंत्र म्हणून ते माझ्या स्ट्रॅटपेक्षा सरस आहे हे मला मान्य आहे. पण कार्यक्रमात तार तुटली की त्याला स्क्रू सोडवायची षटकोनी अॅलन की शोधत बसावं लागतं, तोवर निवेदक विनोद सांगतो. मी त्याला म्हटलं, मागच्या खड्ड्यात ठोकळ्याशेजारी लाकडाचा तुकडा ठोकून दे, दांडा फक्त खालीच जाईल, पण तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतील. त्याला ते पटत नाही. वर जाणारा दांडा गेला तर मग उरलं काय, असं तो म्हणतो. त्याच्या वयाला ते बरोबरच आहे.

राहता राहिली ती घरघर. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली तारेची एक रिळ. ती तारांचा कंप पकडते तशीच भिंतीतल्या वायरिंगची पन्नास हर्ट्झची गुणगुणही पकडते. त्यात भर म्हणजे वाजवणारा माणूस स्वतः अँटेना असतो. तारांना हात लावला की घरघर उतरते आणि काढला की चढते, हे सगळ्यांनीच अनुभवलेलं असतं. यामागचा रस्ता पाहण्यासारखा आहे. बोटातून तार, तारेतून ब्रिज, ब्रिजमधून त्याच किणकिणणाऱ्या स्प्रिंगा, स्प्रिंगांतून पंजा, पंज्याला डाग मारलेली एक काळी वायर, तिथून केबलची जाळी, अँपचं अंग, प्लगची तिसरी पिन आणि शेवटी घराची अर्थिंग. दमट हवेत त्या काळ्या वायरीचा डाग सुटला तर आधी घरघर वाढते आणि माणूस उगाच पिकअपला दोष देतो.

माझ्याकडे डाग शाबूत होता, तरी एप्रिल लागला की घरघर वाढायची. अँप तोच, केबल तीच. शेवटी वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी मीटर लावला, बाहेर जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यापाशी उभे राहिले आणि पायाने माती उकरली. आमचं घर जांभ्यावर. जांभ्यात पाऊस चार महिने मुरतो आणि उन्हाळ्यात तिथे थेंब सापडत नाही. सुकी जमीन वीज वाहून नेत नाही. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात तो ओल धरून ठेवायला आणि जमिनीला वाहकता द्यायला. १९३० साली जिथे मिठाचा सत्याग्रह झाला ती शिरोड्याची मिठागरं आमच्यापासून जवळच. म्हणजे हवेतून येऊन माझ्या तारा खाणारं मीठच जमिनीत गेल्यावर माझी घरघर कमी करणार.

"हय पाणी घालूक तुझी आवस देतली काय मे म्हयन्यात?" दादांनी विचारलं. आई अर्थातच दारात उभी होती. मग त्यांनीच न्हाणीघराचं सांडपाणी जिथे केळींना जातं तिकडे बोट केलं. "थंय बारा म्हयने ओल असता. थंयच खड्डो मारूया." नवा खड्डा केळीच्या आळ्याला लागून झाला, जुन्याशी जोडला गेला. जाताना ते बजावून गेले की तिसरी पिन काढून दोन पिनेच्या प्लगवर अँप लावायचा नाही. अँपमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसली तर गिटारीच्या तारांतच करंट येतो. ऑर्केस्ट्राच्या मंडपांत हा आगाऊपणा सर्रास चालतो, आणि तिथे पायाखाली ओली माती असते.

अर्थिंग सुधारल्यावर चरचरीत भाग गेला, खालची मंद गुणगुण राहिली. ती पिकअपच्या रिळेतच शिरते, तिला खड्डा काही करू शकत नाही. गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यासाठी पेटंटचा अर्ज केला: दोन रिळा, उलट गुंडाळलेल्या, चुंबकाची टोकंही उलटी, म्हणजे तारेचा आवाज जुळतो आणि गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते. पण त्या पिकअपचा आवाज जाड. मला सिंगल कॉइलचाच पातळ, पारदर्शक गंधार हवा आहे. त्यामुळे मी साधा मार्ग धरलाय. ही गुणगुण दिशेप्रमाणे बदलते. गिटार घेऊन खुर्चीत हळूहळू फिरलं की एका कोनात ती जवळजवळ नाहीशी होते. आमच्या माजघरात तो कोन न्हाणीघराच्या दाराकडे आहे. रेकॉर्डिंग करताना मी दाराकडे तोंड करून बसतो, आणि आत कोणी बालदी आपटू नये म्हणून आधी घरात सगळ्यांना सांगून ठेवतो.